'टॉड्री' आणि संत ऑड्री

प्रश्न असा आहे: भडक, दिखाऊ पण हलक्या प्रतीच्या वस्तूला इंग्रजीत 'टॉड्री' म्हणतात. त्याचा ऑड्री या मुलीच्या नावाशी संबंध आहे का?

आहे, आणि तो थेट आहे. 'सेंट ऑड्री' भरभर म्हटले की 'सेंट'चा शेवटचा ट पुढच्या नावाला चिकटतो आणि मागचे 'सें' गळून पडते. लंडनच्या टूली स्ट्रीटचेही हेच झाले. तिथे सेंट ओलाव्हचे, म्हणजे १०३० साली लढाईत पडलेल्या नॉर्वेच्या ओलाफ राजाचे चर्च होते. गोव्यातल्या 'सांजांव' या सेंट जॉनच्या सणाच्या नावातही संताची पदवी आणि नाव असेच एकजीव झाले, पण तिथे 'सां' तरी शाबूत राहिले!

ऑड्री ही सातव्या शतकातली पूर्व इंग्लंडची राजकन्या. मूळ नाव एथेलथ्रिथ. ऑड्री हे त्याचे झिजलेले रूप. तिची दोन लग्ने झाली, दुसरे नॉर्थंब्रियाच्या एकफ्रिथ राजाशी, तरी तिने कौमार्यव्रत मोडले नाही. अखेर राजाची संमती मिळवून ती संन्यासिनी झाली आणि ६७३च्या सुमारास दलदलीने वेढलेल्या ईली इथे तिने मठ स्थापला. ६७९ साली मानेवर मोठी गाठ येऊन ती वारली. बीड या मठवासी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की हे दुखणे ती आनंदाने सोसत असे. तरुणपणी गळ्यात मिरवलेल्या माळांची ही फेड, असे ती म्हणे. १६ वर्षांनी बहिणीने थडगे उघडवले तेव्हा देह अविकृत होता आणि मानेवरची जखम भरून आली होती, असेही तो सांगतो, तेही ती गाठ कापणाऱ्या वैद्याच्या साक्षीने.

पुढे तिच्या नावाने ईलीत जत्रा भरू लागली. तिथे गळ्यात बांधायच्या रेशमी फिती मिळत, त्या 'टॉड्री लेस'. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मध्ये मोप्सा ही मेंढपाळ मुलगी आपल्याला कबूल केलेली हीच फीत हक्काने मागते. तिच्या बोलण्यात नावे ठेवण्याचा सूर अजिबात नाही. शब्द घसरला तो सतराव्या शतकात, जत्रेतल्या स्वस्त मालामुळे. माळांचा पश्चात्ताप करत गेलेल्या बाईच्या नावावर हा अर्थ बसावा, याचे मला खरोखर वाईट वाटते.

मराठीत 'टॉड्री'साठी 'भपकेबाज' वापरू नये. भपका महागही असू शकतो. 'दिखाऊ' जास्त जवळचा.