जुन्या आरव्ही-६एचं कॉकपिट नवं करताना आधी पॅनेलच्या मागे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही टेक्सासमध्ये नुकतंच एक आरव्ही-६ए, म्हणजे घरी जोडायच्या किटचं दोन सीटचं विमान, विकत घेतलंय. १९९०च्या दशकात कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये बांधलेलं, लायकोमिंग ओ-३२० इंजिन, सरकती कॅनपी (डोक्यावरचं पारदर्शक झाकण), पॅनेलवर सगळे गोल डायल आणि जायरोसाठी, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या भिंगरीच्या उपकरणांसाठी, व्हॅक्यूम पंप. आता टचस्क्रीन बसवायची आहे, सीट आणि कार्पेट बदलायचं आहे, आणि गार्मिन घ्यावं की डायनॉन, यावर सल्ला हवा आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे. गार्मिनचा जी३एक्स टच आणि डायनॉनचा स्कायव्ह्यू एचडीएक्स दोन्ही चांगले आहेत. तुमच्या एअरफील्डवर ज्याचे जास्त वापरकर्ते असतील ते घ्या, म्हणजे अडलं तर शेजारच्या हँगरमध्ये विचारायला माणूस असतो. पण अजून ऑर्डर देऊ नका. घरी बांधलेल्या विमानाच्या कॉकपिटचं निम्म्याहून जास्त काम डोळ्यांना दिसत नाही, ते पॅनेलच्या मागे असतं. स्क्रीन आधी घेतली की माणूस तिच्याभोवती सगळं बसवत जातो आणि जुनं वायरिंग तसंच मागे राहतं.

पहिल्या दिवशी एक टॉर्च घ्या, दोन्ही सीट काढा, पाठीवर झोपून पॅनेलखाली शिरा. तुमची कॅनपी सरकती आहे, त्यामुळे दुसरा रस्ता नाही. पुढून उचलणारी कॅनपी असलेल्यांना वरून हात घालता येतो, पण पावसात उघडली की पाणी थेट उपकरणांवर पडतं. खाली गेल्यावर सर्वात आधी ऑइल प्रेशर आणि फ्युएल प्रेशरच्या डायलच्या मागे बघा. त्या काळच्या बऱ्याच विमानांत हे डायल यांत्रिक असायचे. म्हणजे इंजिनचं गरम तेल आणि चक्क पेट्रोल एका बारीक नळीतून फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली आगरोधक भिंत) ओलांडून तुमच्या गुडघ्यांपर्यंत येतं. तशा नळ्या दिसल्या तर बाकी काही करा न करा, त्या आधी काढा. मला विचाराल तर जुनं कॉकपिट आधुनिक करण्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे, स्क्रीन त्यानंतर.

त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक सेन्सर येतात आणि ते फायरवॉलच्या इंजिनकडच्या बाजूला बसतात, आत फक्त वायर येते. इथे एक बारकावा आहे. सेन्सर थेट इंजिनच्या पोर्टमध्ये पितळी फिटिंगवर फिरवून बसवायचा मोह होतो, कारण दहा मिनिटांत काम होतं. पण तो जड असतो, लांब दांड्यावर लटकल्यासारखा थरथरत राहतो, आणि एक दिवस पितळेला चीर जाऊन तेल बाहेर पडतं. म्हणून सेन्सर फायरवॉलवर घट्ट स्क्रू केलेल्या ब्लॉकमध्ये बसवा आणि इंजिनपासून तिथपर्यंत लवचीक होज आणा. इंजिनच्या टोकाला बारीक छिद्राची रिस्ट्रिक्टर फिटिंग लावा, म्हणजे होज फुटलीच तरी तेल भसाभस न जाता हळूहळू जाईल. फायरवॉलमधून वायर आत येते तिथे प्लास्टिकचं बूच चालत नाही. स्टेनलेस स्टीलची फिटिंग आणि आगीत टिकणारं सीलंटच हवं.

आता वायरिंग. मूळ बांधणाऱ्याने एकदा केलं, मग कुणी जीपीएस जोडला, कुणी इंटरकॉम, कुणी चार्जिंगचं सॉकेट. जुन्या वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडकरूने आपापली वायर ओढावी तसं ते होऊन बसतं. वायरच्या आवरणावर एम२२७५९/१६ असं बारीक छापलेलं दिसलं तर ती टेफझेलच्या (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) आवरणाची, विमानासाठीची वायर आहे. ठेवायला हरकत नाही. मोटारीच्या दुकानातली पीव्हीसी वायर असेल तर सगळी काढा. पीव्हीसी जळली की निघणारा धूर विषारी असतो, आणि दोन सीटच्या केबिनमध्ये तो काही सेकंदांत भरतो.

माझं मत स्पष्ट सांगतो: वायरिंगचं रेखाचित्र मिळालं नसेल आणि पॅनेल पूर्ण बदलायचंच असेल, तर जुन्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) ठिगळं लावू नका. फायरवॉलपासून मागचं सगळं नवीन ओढा. काम जास्त वाटतं, पण दुसऱ्याच्या वायरी शोधण्यात त्याहून जास्त वेळ जातो. आधी कागदावर रेखाचित्र काढा, प्रत्येक वायरला नंबर द्या, दोन्ही टोकांना लेबल लावा, मगच पहिली वायर कापा. २२ गेजच्या वायरला ५ अँपिअरचा ब्रेकर, १८ गेजला १० अँपिअरचा, हा हिशेब लक्षात ठेवा. ब्रेकर वायर वाचवायला असतो, उपकरण वाचवायला नाही. सगळे ग्राउंड एकाच जागी, फायरवॉलवरच्या एका पट्टीवर आणा. रेडिओत अल्टरनेटरची शिट्टी ऐकू येते, तिचं कारण बहुतेक वेळा वेगवेगळ्या ठिकाणी दिलेले ग्राउंड हेच निघतं. ऑडिओच्या शील्डेड वायरचं शील्ड एकाच टोकाला जोडायचं. टर्मिनल क्रिम्प करायची, म्हणजे वायरवर दाबून पक्की करायची, सोल्डर नाही. सोल्डर वायरच्या आत झिरपतं, तिथे वायर ताठ होते आणि कंपनाने नेमकी तिथेच तुटते. क्रिम्पिंगचं चांगलं रॅचेट टूल विकत घ्या आणि प्रत्येक जोड हाताने ओढून बघा. अँटेनासाठी जुनी आरजी-५८ केबल असेल तर आरजी-४०० टाका.

यानंतरचा विचार विजेचा. टचस्क्रीन आली की जायरो जातात, म्हणजे व्हॅक्यूम पंपही काढणार आहात, चांगलंच आहे. पण मग सगळी उपकरणं एकाच बॅटरीवर आली. अल्टरनेटर बंद पडल्यावर काय काय चालू राहील आणि किती वेळ, हे कागदावर लिहून काढा. तुमच्या इंजिनवर दोन्ही मॅग्नेटो (इंजिनच्या फिरण्यावरच ठिणगी तयार करणारी यंत्रं) असतील तर वीज पूर्ण गेली तरी इंजिन चालत राहतं. पण आधीच्या मालकाने दोन्ही मॅग्नेटो काढून बॅटरीवर चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं असेल, तर बॅटरी आता इंजिनचाही भाग झाली. मग सगळा आराखडा बदलतो. हे आजच तपासा. माझी शिफारस: एक मोठी दहा इंची स्क्रीन, आणि तिच्यापासून पूर्णपणे वेगळा, स्वतःची बॅटरी असलेला एक लहान डिस्प्ले. गार्मिनचा जी५ या कामाला उत्तम आहे. दोन मोठ्या स्क्रीन दिसायला छान असतात, पण दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच सॉफ्टवेअरवर आणि एकाच वायरीवर असतील तर त्यांना मी बॅकअप म्हणत नाही. सगळं बसल्यावर जमिनीवरच अल्टरनेटर बंद ठेवून, बॅटरीवर किती मिनिटं निघतात ते घड्याळ लावून मोजा. ब्रोशरमधल्या आकड्यावर जाऊ नका.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे दिशा मोजणारा चुंबकीय सेन्सर, कुठे बसवायचा हे लोक शेवटी ठरवतात आणि मग हेडिंग (स्क्रीनवरची दिशा) भरकटतं. तो पोलादापासून आणि जास्त करंटच्या वायरीपासून लांब हवा. पंखाचं टोक किंवा शेपटीकडची पोकळी, यापैकी एक निवडा. स्क्रू पितळेचे किंवा चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टीलचे. बसवल्यावर स्ट्रोब, लँडिंग लाइट, पिटोट हीट एकेक चालू करा, स्टिक पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवा आणि हेडिंगकडे बघत राहा. एलेरॉनच्या (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांच्या) पोलादी दांड्या हलल्या की काही विमानांत आकडा दोन-चार अंश सरकतो. तसं झालं तर जागा बदला. कॅलिब्रेशनने ते जात नाही.

पिटोट-स्टॅटिकच्या, म्हणजे वेग आणि उंची मोजायला बाहेरच्या हवेचा दाब आणणाऱ्या, नळ्याही नवीन टाका. तपासताना तोंडाने फुंकायचं नाही, नाजूक सेन्सर जातो. स्टॅटिकच्या बाजूने हळूच हवा ओढून अल्टिमीटर (उंचीचा डायल) १,००० फूट वर न्यायचा आणि बंद करून ठेवायचा. एका मिनिटात १०० फुटांपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे.

आता एक सापळा, जो जुन्या आरव्हीत हमखास असतो. तुमच्या एअरस्पीड डायलवर आणि विमानाच्या कागदपत्रांत वेग मैलांमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. नवी स्क्रीन नॉटमध्ये येते. आरव्ही-६ची कधीच न ओलांडायची मर्यादा ताशी २१० मैल आहे, म्हणजे साधारण १८२ नॉट. कुणी सेटिंगमध्ये जुन्या डायलवरचा २१० तसाच टाकला तर लाल रेषा २८ नॉटांनी पुढे सरकते, आणि स्क्रीन काहीच तक्रार करत नाही. स्टॉल, फ्लॅप, सगळे वेग एका कागदावर दोन्ही एककांत लिहा आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

नियमांबद्दल. अमेरिकेत एक्सपेरिमेंटल अॅमॅच्युअर-बिल्ट (हौशी माणसाने बांधलेल्या) विमानावर काम कुणीही करू शकतो, तुम्हीही. पण दर १२ महिन्यांची कंडिशन इन्स्पेक्शन मूळ बांधणाऱ्याला त्याच्या रिपेअरमन सर्टिफिकेटवर करता येते. ते सर्टिफिकेट विमानाबरोबर तुमच्याकडे येत नाही. तुम्हाला सहसा ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचं सर्टिफिकेट असलेला) मेकॅनिक लागेल. काम सुरू करायच्या आधीच त्याला हँगरवर बोलवा, उघडं वायरिंग दाखवा. ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचे टेक्निकल कौन्सेलरही विनामूल्य येऊन बघतात. त्यांचा फायदा घेणारे फार थोडे, आणि मला त्याचं नेहमी वाईट वाटतं. तुमच्या विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्स (विमान वापरण्याच्या लेखी अटी) काढून पूर्ण वाचा. त्या प्रत्येक विमानाच्या वेगळ्या असतात आणि मोठा बदल केल्यावर काय करायचं ते त्यातच लिहिलेलं असतं. नुसतं पॅनेल बदलणं सहसा मोठ्या बदलात धरत नाहीत, पण त्याच वेळी प्रोपेलरही बदललात तर गोष्ट वेगळी.

१ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांभोवती आणि १०,००० फुटांच्या वर एडीएस-बी आउट (विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारं यंत्र) लागतं. डॅलस किंवा ह्यूस्टनच्या ३० नॉटिकल मैलांत असाल तर पर्याय नाही. बसवल्यावर एक उड्डाण करून एफएएच्या (अमेरिकेच्या हवाई नियामक संस्थेच्या) संकेतस्थळावरून त्याचा परफॉर्मन्स रिपोर्ट मागवा, फुकट मिळतो आणि चूक असेल तर लगेच कळते. स्क्रीनला प्रमाणपत्र नसलं तरी आपल्या प्रकारच्या विमानात चालतं, पण ढगांतून जीपीएसवर अॅप्रोच करायचा (उतरायला खाली यायचं) असेल तर नॅव्हिगेटर प्रमाणित दर्जाचाच हवा. ईएलटी (अपघातानंतर आपोआप संकटाचा संदेश पाठवणारा ट्रान्समीटर) जुना, फक्त १२१.५ मेगाहर्ट्झचा असेल तर बदला. उपग्रहांनी ती फ्रिक्वेन्सी ऐकणं फेब्रुवारी २००९ मध्येच थांबवलं. ४०६ मेगाहर्ट्झचा घ्या.

सीट आणि कार्पेट. जुनं कार्पेट उचलल्यावर खाली ओल आणि गंज दिसेल, तो साफ करून प्रायमर मारा, आणि नवीन कार्पेट चिकटवण्याऐवजी वेल्क्रोवर ठेवा म्हणजे पुन्हा खाली बघता येईल. सीटचा फोम आणि कापड विकत घ्यायच्या आधी तुकडा मागवून बाहेर मोकळ्या जागेत जाळून बघा. भडकून थेंब गळणारं काहीही आत नको. फोम सोफ्याचा नको, आघात शोषणारा घ्या. बेल्टची पट्टी उन्हाने कमजोर होते, रंग उडालेला दिसला की बदला. ऑर्डर देण्याआधी पुठ्ठ्याचं पॅनेल कापून जागेवर लावा, खांद्याचे पट्टे आवळून बसा आणि प्रत्येक बटणापर्यंत हात जातो का ते बघा. पट्टे न लावता घेतलेली मापं उपयोगाची नसतात.

पॅनेलला छिद्रं पाडायची ती पॅनेल बाहेर काढून बाकावर. अॅल्युमिनियमचा कीस वायरिंगमध्ये पडला तर तो वर्षानुवर्षं त्रास देतो.

काम झाल्यावर विमानाचं पुन्हा वजन करा, अंदाजाने आकडेमोड नको. व्हॅक्यूम पंप इंजिनवरून जातो म्हणजे पुढचं वजन कमी होतं आणि गुरुत्वमध्य मागे सरकतो. ओ-३२० आणि त्यात लाकडी प्रोपेलर असेल तर मागे सामान भरल्यावर हा फरक जाणवतो.

पहिल्या उड्डाणाला एकटे जा, दिवसा, धावपट्टीच्या वरच फिरा. आणि एक गोष्ट आधीच मनात ठेवा: आजवर तुम्हाला एकाच सिलिंडरचं तापमान दिसत असेल तर आता चारही दिसतील, आणि एखादं अपेक्षेपेक्षा बरंच गरम निघेल. लायकोमिंगची मर्यादा ५०० फॅरनहाइट आहे, पण सलग उड्डाणात ४०० च्या आत ठेवलेलं बरं. एखादा सिलिंडर जास्त गरम दिसला तर तो नवीन यंत्राचा दोष समजू नका. आधी इंजिनभोवतीचे बॅफल (हवा सिलिंडरांवर वळवणारे पत्रे) आणि त्यांची रबरी सील तपासा, हवा बहुधा तिथूनच निसटत असते.

पॅनेलच्या मागचे फोटो पाठवा, शक्यतो ऑइल प्रेशरच्या डायलचा आणि बॅटरीच्या रिलेजवळचा. इग्निशन कोणतं आहे तेही कळवा. ते बघितल्याशिवाय जुन्या वायरिंगपैकी काय ठेवायचं हे नेमकं सांगता येणार नाही.