अमेरिकेत भाड्याने देण्यासाठी ‘हड’चं घर घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की ओहायोत भाड्याने द्यायला हडचं, म्हणजे कर्ज बुडून सरकारकडे जमा झालेलं घर स्वस्तात मिळतं का, आणि मित्र म्हणतो तसं ‘मी स्वतः राहणार’ असं लिहून दिलं तर चालेल का.

मिळतं. पण कृपा करून तसं लिहून देऊ नका. क्लीव्हलँडच्या आसपास मी अशी तीन घरं घेतली, आणि पहिल्याच वेळी मलाही हाच सल्ला मिळाला होता.

एफएचए या सरकारी संस्थेचा विमा असलेलं गृहकर्ज थकलं की बँक घर जप्त करते, विम्याचे पैसे वसूल करते आणि घर हड या केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या नावावर होतं. मग ते हडहोमस्टोअर या हडच्या वेबसाइटवर विक्रीला लागतं. बोली नोंदणीकृत ब्रोकरमार्फतच लावावी लागते. सुरुवातीचे काही दिवस स्वतः राहणाऱ्यांसाठी आणि सरकारी-सेवाभावी संस्थांसाठी राखीव असतात. त्यातून घर उरलं तर गुंतवणूकदाराची पाळी. ‘राहणार’ म्हणून सही केली की किमान १२ महिने राहावं लागतं. खोट्या सहीला २,५०,००० डॉलरपर्यंत दंड आणि २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मला त्याहून जास्त बोचतं ते हे, की डोक्यावर छप्पर शोधणारं एखादं कुटुंब तुमच्या त्या सहीमुळे मागे पडतं.

आता घराकडे या. दुसरं घर मी ऐन फेब्रुवारीत पाहिलं. आत बाहेरइतकंच गार. नळांना चिकटपट्ट्या, कमोडमध्ये गोठू नये म्हणून ओतलेलं गुलाबी अँटिफ्रीझ, झाकणावर ‘वापरू नका’ची चिठ्ठी. पाइप रिकामे करून घर हिवाळ्यासाठी बंद केलं की असंच दिसतं. हे काम उशिरा झालं असेल तर मात्र पाणी आधीच गोठून पाइप फुटलेले असतात. म्हणून घराच्या स्थितीचा जो अहवाल हड देतं, त्यात मी आधी एकच ओळ शोधतो: पाइपांनी दाब धरला का, म्हणजे ते कुठे गळत तर नाहीत ना? इथे ‘नाही’ होतं, आणि तसं असलं की पाणी सोडून बघायची परवानगीही मिळत नाही. तळघरात टॉर्च घेऊन तासभर फिरलो, तर तांब्याचा पाइप तीन ठिकाणी उभा चिरलेला. सगळं प्लंबिंग नवं करायचं असं धरूनच बोली लावली. भिंती उघडल्या तेव्हा ते खरंच नवं करावं लागलं.

हड घर आहे तसं विकतं, एक खिळासुद्धा ठोकून देत नाही. घर १९७८ च्या आधीचं असेल, आणि इकडे बहुतेक तसलीच, तर शिसं असलेल्या जुन्या रंगाचा बंदोबस्त करण्याचा खर्च धरा. भाडेकरूंची लहान मुलं त्या घरात वाढणार आहेत. दुरुस्तीसकट मिळणारं एफएचएचं २०३ के कर्ज गुंतवणूकदाराला मिळत नाही, तेव्हा तो पैसा तुमच्या हाताशी हवा.

माझा एक सौदा मोडलाही. बँकेने ऐनवेळी कर्ज नाकारलं. राहायला घेणाऱ्याला अशा वेळी सौद्यासाठी भरलेली अनामत परत मिळू शकते, गुंतवणूकदाराची बुडते. माझे हजार डॉलर गेले. बोली मंजूर झाल्यावर तपासणी करता येते, पण तेव्हा दोष सापडून मागे फिरलात तरी तेच होतं. म्हणून बोलीच्या आधीच ब्रोकरला घर उघडायला सांगा आणि प्लंबरला सोबत न्या, त्याच्या त्या दिवसाचे पैसे पडले तरी.