बाबांना ठशांची पेटी नको, चांगलं कातडं घेऊन दे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

बाबा मेअखेर शाळेतून निवृत्त होताहेत, त्यांना चामड्यावरच्या कोरीवकामाचा संच भेट द्यायचाय, तर कोणता घेऊ, असं तू विचारलंस. नक्षी ठोकायच्या पंचवीस-तीस धातूच्या ठशांची ती पेटी घेऊ नकोस. निम्मे ठसे कधी बाहेरच निघत नाहीत, आणि सोबत येणारं कातडं बरेचदा इतकं सुमार असतं की शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याच हातात काही नाही. तेच पैसे कातड्यावर घाल.

कातडं व्हेज-टॅन हवं, म्हणजे झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं. आज बाजारात येणारं बहुतेक चामडं क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं. जॅकेटला, मऊ पर्सला ते छान, पण त्यावर ठसा मारला की थोड्या वेळात तो पुसट होतो. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्या टॅनिननं, म्हणजे तुरट द्रव्यानं, कमावलेलं कातडं पाणी पितं, ओलं असताना दाबू तसा आकार घेतं आणि वाळल्यावर तो धरून ठेवतं. सगळं कोरीवकाम या एका गुणावर चालतं. दुकानात कापलेली कड बघ, क्रोमची कड बहुधा निळसर-करडी असते. न रंगवलेल्या व्हेज-टॅनवर पाण्याचा थेंब टाकलास तर तो मुरतो आणि तिथे गडद डाग दिसतो. सरावाला तीनेक मिलिमीटर जाडीचं घे. पाकिटासाठी पुढे दीड मिलिमीटरचं लागेल. म्हशीचं कातडं दणकट असतं, पण त्याचा पोत भरड, बारीक नक्षी त्यावर नीट उमटत नाही. कातडं कोणत्या जनावराचं आहे हे विक्रेत्याला स्पष्ट विचार, आणि घरात काय चालेल हे आधी आईला.

हत्यारं चार पुरतात. रेषा कापायला स्विव्हल नाइफ, म्हणजे फिरत्या पात्याची सुरी, कड दाबायला बेव्हेलर, पाकळीला खोलगटपणा द्यायला पेअर शेडर आणि मागची जागा खाली बसवायला बॅकग्राउंडर, हे तीन ठसे. ठोकायला लाकडी मोगरी. लोखंडी हातोडीनं ठशांची डोकी चेपतात. खाली कडप्प्याचा जाड तुकडा, ओट्याचं काम करणाऱ्यांकडे असे तुकडे पडलेले असतात. त्याच्याखाली रबराची चटई घाल आणि टेबलाच्या पायाच्या बरोबर वर तो तुकडा ठेवून ठोकायला सांग, म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांची दुपारची झोप मोडणार नाही. नक्षी उतरवायला रिफिल संपलेलं बॉलपेन चालतं.

आता ओलाव्याबद्दल. हे बाबांना नीट वाचून दाखव, कारण नवशिक्याची नक्षी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. तुकडा स्पंजनं दोन्ही बाजूंनी भिजवायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवायचा, सकाळी बाहेर काढून थांबायचं. रंग मूळच्या फिकटपणाकडे परतू लागलाय, पण गालाला लावलं तर अजून गार लागतंय, ती कामाची वेळ. त्याआधी ठोकलं तर ठसा लिबलिबीत उठतो, कड धरत नाही. उशीर झाला तर सुरी अडखळते आणि ठसा उथळ राहतो. ओलावा जमला असेल तर ठशाखालचं कातडं आपोआप तपकिरी पडतं. त्या सावलीनं नक्षीत जी खोली येते, ती रंगानं आणता येत नाही. तुमच्या नागपूरच्या जूनमध्ये पंख्याखाली बसू नका, वरचा थर वाळून जातो आणि आत पाणी राहतं. पाऊस सुरू झाला की उलट काळजी, ओला तुकडा पिशवीत विसरला तर बुरशी येते. आणि ओलं कातडं लोखंडावर ठेवायचं नाही. लोह आणि टॅनिन भेटले की काळा डाग पडतो, तो सहजी जात नाही.

सुरी जाडीच्या एक-तृतीयांशापर्यंतच जावी. मग रेषेच्या बाहेरच्या अंगानं बेव्हेलर चालवत गेलं की आतलं पान वर उठल्यासारखं दिसतं. लाकडात कोरताना लाकूड काढून टाकतात, इथे काहीच काढत नाहीत, सगळं दाबून होतं. म्हणूनच मला हे काम वाढत्या वयाला फार मानवणारं वाटतं: जोर कमी लागतो, लक्ष जास्त. पातं मात्र सतत पाजळलेलं हवं. चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची वडी घासून त्यावर ते दर थोड्या वेळानं ओढायचं. बोथट पात्याला जोर लावला की बोटं दुखतात आणि रेषा फाटते.

फळ्यावरच्या अक्षरासाठी बाबांची ख्याती आहे ना? मग सुरीचं वळण त्यांना लवकर सापडेल. अमेरिकेत वायोमिंगमधल्या शेरिडन गावच्या खोगीर-कारागिरांनी एक शैली घडवली, तिचे नमुने त्यांना आधी गिरवू दे. वेल वर्तुळात फिरते, मधोमध फूल बसतं, एका वर्तुळाचा देठ पुढच्यात शिरतो. हा नियम हाताला कळला की पैठणीच्या काठावरची आसावली घ्यायची. वेल आणि फूल तिथेही आहेतच, आणि कातड्यावर ती फार सुंदर उठेल असं मला मनापासून वाटतं.

आत्या म्हणाली, ‘मास्तरांनी हे कसलं काम काढलं?’ तिच्यावर चिडू नकोस, पण गप्पही बसू नकोस. आपल्याकडे कातडं कमावलं ढोर समाजानं, त्याच्या वहाणा केल्या चर्मकारांनी, आणि या कसबाबद्दल त्यांच्या वाट्याला मान नाही, विटाळ आला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. त्या चपलेवरची वेणी आजही कितीतरी घरांत बायका विणतात. बाबांना हे काम छंद म्हणून, काही न गमावता करायला मिळतंय. तेव्हा शिवण शिकायला त्यांनी एखाद्या चर्मकार कारागिराकडे जावं, समोर बसावं, गुरू म्हणून त्यांचा मान ठेवावा आणि त्यांच्या वेळाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. भोक पाडायची आरी कशी धरायची, दोन सुया एकाच भोकातून समोरासमोर कशा न्यायच्या, हे शेजारी बसून जितकं कळतं तितकं व्हिडिओतून नाही.

आणखी एक. पहिला बरा पट्टा झाला की घरातले म्हणतील, विकायला काढा, ऑर्डरी घ्या. निदान वर्षभर ते होऊ देऊ नकोस. आयुष्यभर तासाच्या घंटेवर चाललेल्या माणसाला मुदतीशिवाय काम करू दे.

सध्या तळहाताएवढे व्हेज-टॅनचे तुकडे, एक बरी सुरी आणि मान वळवता येणारा टेबल-लॅम्प एवढंच घे. प्रकाश डाव्या बाजूनं, आडवा पडायला हवा, तरच उठाव दिसतो. बाबा डावखुरे असतील तर उजवीकडून. दिवाळीत पुण्याला याल तेव्हा त्यांना माझ्याकडे घेऊन ये. माझे ठसे हाताळून बघू दे, मग कुठले घ्यायचे ते त्यांचे तेच ठरवतील.

तुझा,
काका