नखं कापायचा वार

प्रश्न : आपा, सलाम. मी पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीला आहे. दीड वर्षापूर्वी मी इस्लाम स्वीकारला. नमाज शिकले, दोन रमजानचे रोजे झाले. अडलंय ते हदीसपाशी, म्हणजे पैगंबरांच्या सांगण्या-वागण्याच्या नोंदींपाशी. तालीमला, म्हणजे आमच्या धर्मशिक्षणाच्या बैठकीत, एक ताई सांगतात, नखं शुक्रवारीच कापायची, तशी हदीस आहे. दुसऱ्या म्हणतात, अशी हदीसच नाही. मोबाईलवर रोज चार-पाच हदीस येऊन पडतात, खाली कुणाचा पत्ता नाही. हौसेनं ‘बुखारी’ या हदीसच्या मोठ्या संग्रहाचे हिंदी खंड आणले, पहिल्या पानापासून वाचायला बसले आणि तिसऱ्या दिवशी घाबरून कपाटात ठेवून दिले. पैगंबरांनंतर दोनशे वर्षांनी लिहिलेलं खरं कसं धरायचं? आणि हे सगळंच्या सगळं पाळायचं? शेवटचं म्हणजे, माझी आई सिन्नरला एकटी असते. एकजणी म्हणाल्या, तिच्याकडे जाणं-येणं सोड, तिच्या हातचं खाऊ नकोस, हदीसमध्ये आहे. तेव्हापासून मी गेलेले नाही.
(एक वाचक, नाशिक. नाव छापू नये.)

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीचे महिनाभर थांबले तरी बिघडत नाही, आईचं तसं नाही.

हजरत अस्मा ही पैगंबरांचे जवळचे साथी हजरत अबू बक्र यांची लेक. तिची आई मुसलमान झालेली नव्हती. मक्केच्या कुरैश टोळीशी तह झाला होता, त्या दिवसांत ही आई लेकीला भेटायला मदिनेत आली. अस्मा तुमच्यासारखीच कोड्यात पडली. तिनं पैगंबरांना (सल्ल., म्हणजे त्यांच्यावर अल्लाहची कृपा आणि शांती असो) जाऊन विचारलं, आई आलीय, काही आशेनं आलीय, तिच्याशी नातं राखू का? उत्तर मिळालं : हो, आईशी नातं राख. ही हदीस बुखारीत आहे आणि ‘मुस्लिम’ नावाच्या दुसऱ्या मोठ्या संग्रहातही आहे. यापेक्षा पक्की जागा नाही. कुरआनात सूरह लुकमानमध्येही तेच : आई-वडील शिर्क, म्हणजे अल्लाहबरोबर दुसऱ्या कुणाची भक्ती, करायला सांगत असतील तर तेवढं ऐकू नका, पण दुनियेत त्यांच्याशी चांगलंच वागा. तिच्या हातचं पिठलं-भाकरी खुशाल खा. मटणाचा सवाल हलालचा, तो वेगळा. नैवेद्याचं ताट बाजूला ठेव म्हणालात तर आपल्या आया तेवढं समजून घेतात.

आणि त्या बाईंना अदबीनं एवढंच विचारा, कुठल्या किताबातली हदीस? कुणी सांगितलेली?

हे विचारणं म्हणजे बेअदबी, असं नव्या माणसाला वाटतं. उलट, हदीसचं सगळं शास्त्र याच प्रश्नावर उभं आहे, आणि तुम्ही तर हा प्रश्न रोज पगार घेऊन विचारता! तुमच्याकडून युरोपला जाणाऱ्या पेटीवर कोड असतो ना? उद्या रॉटरडॅमला द्राक्षांत औषधाचा अंश जास्त निघाला तर त्या कोडवरून पॅकहाऊस, तिथून शेतकरी, तिथून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो. मणी कितीही टपोरे असू देत, कोड नसलेली पेटी तुम्ही कंटेनरमध्ये चढवाल का?

हदीसचेही असेच दोन भाग असतात. सांगितलेली गोष्ट म्हणजे मतन, आणि ती कुणाकडून कुणाकडे आली ती साखळी म्हणजे सनद. बुखारीची अगदी पहिली हदीस काढा, ‘कर्मं नियतीवर असतात’ ही. (ही नियत म्हणजे आपल्या मराठीतला हेतू. नशीबवाली नियती नव्हे. माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी मूल तिथं घसरायचं.) तिच्या आधी नावांची रांग दिसते, तिलाच तुम्ही घाबरलात. बुखारींना हुमैदींनी सांगितलं, त्यांना सुफियाननी, त्यांना यह्या बिन सईदनी, त्यांना मुहम्मद बिन इब्राहिमनी, त्यांना अल्कमांनी, आणि अल्कमांनी पैगंबरांचे साथी हजरत उमर यांना मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावरून, सांगताना ऐकलं, की पैगंबरांना (सल्ल.) मी असं बोलताना ऐकलंय. पेटीवरचा कोडच की हा. मग प्रत्येक नावाची चौकशी : माणूस खरा होता का, स्मरण पक्कं होतं का, ज्याचं नाव सांगतो त्याच्या काळात होता का, त्याला भेटला होता का. या चौकशीत उतरली ती सहीह, थोडी कमी भरली ती हसन, कुठे कडी तुटलेली किंवा कच्ची निघाली ती जईफ. जईफ म्हणजे खोटी नव्हे, कागद अपुरे. बनवलेली निघाली तिला मौजू म्हणतात, आणि ती पैगंबरांच्या नावावर सांगणं हा गुन्हाच.

बिनसनदीची हदीस सांगायची चूक मी स्वतः केलीय. जुन्या नाशकात, दूध बाजारच्या अलीकडे वाढले, पुढे एका शाळेत तीस वर्षं शिकवलं. दर जूनला फळ्यावर रंगीत खडूनं लिहायची : ‘ज्ञान मिळवा, त्यासाठी चीनला जावं लागलं तरी. हदीस.’ एकदा मालेगावहून एक वृद्ध मौलाना आले होते. त्यांनी फळा वाचला, हसले आणि म्हणाले, बेटी, बात अच्छी है, सनद कहाँ है? सनद नव्हतीच. हदीसच्या जाणकारांनी ते वाक्य कच्चं, कुणी तर बनावटच ठरवलेलं आहे. ‘ज्ञान मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे’ हे ‘इब्न माजा’ या हदीससंग्रहात आहे आणि अनेकांनी ते हसन मानलंय. त्या दिवशी फळा पुसताना कान तापले होते माझे. पण आपल्याकडे हे नवं कुठंय? शेवटी ‘तुका म्हणे’ जोडलं की कुणाचाही अभंग तुकोबांच्या नावावर जमा होतोच. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तीही लोकांनी मधे घुसडलेलं काढायलाच. मोबाईलवर बिननावाचं आलं तर पुढे पाठवू नका, एवढं पाळलंत तरी पुष्कळ.

दोनशे वर्षांचं म्हणाल, तर इमाम बुखारी ८७० साली वारले आणि पैगंबर (सल्ल.) ६३२ साली, हिशेब बरोबर आहे तुमचा. पण लिहिणं बुखारींपासून सुरू झालं नाही. इमाम मालिक ७९५ साली वारले, त्यांचा ‘मुवत्ता’ हा हदीससंग्रह त्याआधीचा. त्याच्याही आधी पैगंबरांचे साथी हजरत अबू हुरैरा यांचे शिष्य हम्माम बिन मुनब्बिह यांनी १३८ हदीसची वही लिहून ठेवली होती. तिची हस्तलिखितं आपल्या हैदराबादच्या डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी शोधून गेल्या शतकात छापली, आणि नंतरच्या मोठ्या संग्रहांशी ती मोठ्या प्रमाणात जुळली. इतिहासकारांचे वाद यावर आजही चालतात, ते लपवायचं कारण नाही.

सगळंच पाळायचं का? नाही. फर्ज म्हणजे सक्तीचं, ते वेगळं, सुन्नत म्हणजे पैगंबरांची रीत, ती वेगळी, आणि पैगंबरांना एखादी भाजी आवडायची ती गोष्ट आणखी वेगळी. तुमच्या कामाची एक हदीस सांगते, मुस्लिममधली. मदिनेचे लोक खजुराच्या झाडांवर हातानं परागीकरण करत. पैगंबर (सल्ल.) म्हणाले, हे नाही केलंत तर कदाचित बरं होईल. लोकांनी सोडून दिलं आणि त्या वर्षी पीक घटलं. तेव्हा ते म्हणाले, तुमच्या दुनियेच्या कामातलं तुम्हाला जास्त कळतं. म्हणजे ऑक्टोबर छाटणी कधी घ्यायची, द्राक्षघडांना जीए या वाढीच्या संजीवकाचं डिपिंग किती वेळा, हे हदीसमध्ये शोधत बसू नका. मला ही हदीस फार आवडते. मानणाऱ्यांनीच ती जपली, लपवली नाही.

नमाजमध्ये हात नाभीखाली बांधायचे की छातीवर, यावरही तुम्हाला दोघी दोन गोष्टी सांगतील. मुसलमानांत धर्मनियमांचे वेगवेगळे पंथ आहेत : नाशकात बहुतेक जण हनफी, कोकणातून आलेले शाफई, अहले हदीसवाले आणखी निराळे. प्रत्येकाकडे आपापली हदीस आहे. ज्यांच्याकडून नमाज शिकलात त्यांच्यासारखी पढा, वर्षभर तरी त्यात हात घालू नका.

बुखारीचे खंड कपाटातच राहू द्या. ते कायद्याच्या ग्रंथासारखे आहेत, शिकवणाऱ्याशिवाय उघडायचे नाहीत. त्याऐवजी इमाम नववींचं ‘चाळीस हदीस’ घ्या. नावाला चाळीस, आत बेचाळीस. आठवड्याला एक, समजावणाऱ्या कुणाजवळ तरी बसून.

राहिली नखं. ठराविक वार पक्क्या हदीसमध्ये नाही. मुस्लिममध्ये आहे ते एवढंच, की चाळीस दिवसांच्या वर जाऊ देऊ नयेत. शुक्रवारी कापलीत तर आंघोळीबरोबर उरकतं, म्हणून सोय म्हणा हवं तर. माझ्या शेजारच्या कुलकर्णीवहिनी शनिवारी नखं कापू देत नाहीत, तुमच्याही आई बहुधा देत नसतील. रविवारी सिन्नरला जाल तेव्हा विचारा त्यांना, शनिवारी का नाही ते. त्यांच्याकडे सनद निघाली तर मलाही कळवा.