कॉर्टिसोलची साल

'माझा कॉर्टिसोल वाढला' म्हणायचं की 'माझं कॉर्टिसोल वाढलं', आणि त्या संप्रेरकाला (हॉर्मोनला) सरळ 'ताणसंप्रेरक', म्हणजे स्ट्रेस हॉर्मोन, म्हटलं तर काय बिघडतं, असा प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर: वाढलं. संप्रेरक नपुंसकलिंगी, इन्सुलिन नपुंसकलिंगी. यालाच वेगळा न्याय कशाला? दुसऱ्याकडे येतो, पण आधी या शब्दाची साल काढू द्या.

'काढू द्या' म्हटलं ते उगाच नाही. कॉर्टिसोलमधलं 'कॉर्ट' म्हणजे लॅटिन 'कॉर्टेक्स', म्हणजे झाडाची साल. मूत्रपिंडावर अधिवृक्क ग्रंथी बसलेली असते. तिच्या बाहेरच्या थराला शरीरशास्त्रज्ञांनी साल म्हटलं आणि त्या थरात तयार होणाऱ्या द्रव्यांच्या नावांना ती कायमची चिकटली. शब्दात चिंता नाही, बॉस नाही, घरकर्जाचे हप्ते नाहीत.

मराठी परिभाषाकारांनी या कॉर्टेक्सचं 'बाह्यक' केलं. बाहेर आहे म्हणून बाह्यक! हिंदीवाल्यांनी 'वल्कुट' केलं. वल्क म्हणजे साल. वनवासात रामाने नेसलेली वल्कलं त्यातलीच. हिंदीच्या पारिभाषिक शब्दांना नावं ठेवायची आपली जुनी खोड आहे, पण इथे त्यांनी आपल्याला धडधडीत हरवलं आहे.

मला विचारलं असतं, तर मी 'कात' सुचवली असती. हसू नका. कॉर्टेक्सचं मूळ 'कापणे' या अर्थाच्या प्राचीन धातूत जातं. संस्कृतातला 'कृत्' तोच. त्यावरून 'कृत्ति', म्हणजे सोलून काढलेलं कातडं. शंकर गजचर्म पांघरतो म्हणून कृत्तिवास. या कृत्तीपासून आपली कात आणि कातडं, कर्तरीपासून कातर आणि कात्री. चर्म आणि त्याचं चामडं हेही त्याच गोतावळ्यातलं. म्हणजे साप कात टाकतो तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने तो आपला कॉर्टेक्सच टाकत असतो. (कातरवेळेतला 'कातर' निराळा, भित्रा या अर्थाचा. त्यात गुंतू नये.)

इथे काही विद्वान पानातला कात घेऊन येतात: तो म्हणे सालीपासून होतो, म्हणून तोही याच घरातला. साफ चूक. पानातला कात खैराच्या गाभ्यातल्या लाकडाचे तुकडे उकळून काढतात, सालीतून नव्हे. आणि त्या शब्दाचं नातं 'क्वाथ', म्हणजे काढ्याशी आहे. खैराचं झाड न पाहता व्युत्पत्ती लिहिली की असं होतं.

आता शब्दाचं शेपूट, '-ओल'. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे टाडेउस राइखश्टाइन या सालीतून एकेक संयुग वेगळं करत होते. केंडॉल त्यांना अक्षरं देत. 'ई' संयुगाचा जीवनसत्त्व ईशी घोटाळा होऊ लागला, म्हणून त्याचं 'कॉर्टिसोन' झालं. मेयोचेच डॉक्टर फिलिप हेंच यांनी 1948 मध्ये ते संधिवाताच्या रुग्णाला टोचलं आणि 1950 मध्ये तिघांना नोबेल मिळालं. 'एफ' संयुग ते आपलं कॉर्टिसोल. '-ओन' म्हणजे कीटोन, '-ओल' म्हणजे अल्कोहोल. कॉर्टिसोन आणि कॉर्टिसोल एकच समजून लिहिणाऱ्यांनी निदान शेवटचं अक्षर तरी वाचावं.

राहिला ताण. 'स्ट्रेस' हा शब्द वैद्यकात रुजवला संप्रेरकतज्ज्ञ हान्स सेल्ये यांनी. इंग्रजी आणखी चांगलं येत असतं तर आपण 'स्ट्रेन' म्हटलं असतं, असं पुढे तेच म्हणाले. अशा डळमळीत शब्दाचं भाषांतर करून ते संप्रेरकाच्या कपाळी मारायचं? निरोगी माणसाचं कॉर्टिसोल सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं. म्हणून तर रक्त सकाळी आठच्या आसपास घेतात. 'ताणसंप्रेरक' खरं मानलं तर रविवारी निवांत चहा पिणारा माणूस सर्वांत त्रस्त ठरेल! आणि ते फार कमी झालं तर शांती लाभत नाही, अ‍ॅडिसनचा आजार होतो. उपचार न केल्यास माणूस दगावतो.

जनावरांत तर आणखी गंमत. रक्त घ्यायला पकडलं की त्या पकडण्यानेच कॉर्टिसोल चढतं, म्हणून संशोधक विष्ठा आणि लेंडकं गोळा करतात आणि त्यांतले त्याचे अवशेष मोजतात. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या संशोधकांना कान्हा आणि बांधवगडच्या वाघांत हे अवशेष पर्यटनाच्या हंगामात जास्त आढळले. इथवर ताणवाले खूश. पण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासात पिकांत घुसणाऱ्या हत्तींमध्ये ते जंगलातल्या हत्तींपेक्षा कमी निघाले. फटाके आणि आरडाओरडा सोसूनही कमी. संशोधकांच्या मते कारण असं, की शेतातला चारा सकस. एक आकडा पाहून 'हत्ती तणावात' असा मथळा देणाऱ्यांनी आधी तो हत्ती काय खातो ते विचारावं.

आणि उंदरांवरच्या प्रयोगांच्या बातमीत 'उंदरांचं कॉर्टिसोल वाढलं' छापणं बंद करा. प्रयोगशाळेतल्या उंदरांत मुख्य संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन असतं, पक्ष्यांतही तेच. शब्द लांब आहे, मान्य. पण मथळ्यात मावत नाही म्हणून उंदराची ग्रंथी बदलत नाही.