आईची पेन्शन, आईची गोळी

प्रश्न : डॉक्टर, माझी आई बहात्तर वर्षांची आहे. गावी भावाकडे असते. शेतातलं काम आता तिला झेपत नाही. वर्षभरापासून तिला सरकारी वृद्धापकाळ पेन्शन मिळते, पण रक्कम अगदी थोडी. भाऊ म्हणतो, एवढ्याशा पैशांनी म्हातारीच्या तब्येतीत काय फरक पडणार? त्यापेक्षा घरखर्चाला होऊ देत. मला हे पटत नाही, पण त्याला काय सांगावं तेही सुचत नाही. — एक वाचक

उत्तर : ताई, फरक पडतो. कसा, ते माझ्याच एका पेशंटवरून सांगते.

गावातल्या दवाखान्यात एक आजोबा रक्तदाबासाठी येत. औषध नेमाने घेतो म्हणत, पण दाब काही उतरत नव्हता. मी डोस वाढवला, तरी तेच. शेवटी म्हटलं, गोळ्याच घेऊन या. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत सगळ्या अर्ध्या गोळ्या, कडा खडबडीत तुटलेल्या, तळाशी पांढरा भुगा. महिन्याच्या गोळ्या ते दोन महिने पुरवत होते. मुलाकडे सारखं मागायचं कसं, म्हणून. रक्तदाबात बहुतेकदा काही दुखत-खुपत नाही, त्यामुळे अर्ध्यावर भागतंय असंच त्यांना वाटत होतं. पुढे पेन्शन लागली आणि ते अख्खी गोळी घेऊ लागले. दोन-तीन महिन्यांत दाब इतका उतरला की वाढवलेला डोस मलाच कमी करावा लागला.

हे एकट्या आजोबांपुरतं नाही. चीनने २००९ मध्ये ग्रामीण भागासाठी नवी पेन्शन सुरू केली. साठी ओलांडलेल्यांना मिळणारी मूळ रक्कम होती महिना ५५ युआन, म्हणजे तिथल्या मानानेही किरकोळच. तरीही तिथल्या अभ्यासांत पेन्शन घेणाऱ्यांचा आहार सुधारलेला दिसला, दवाखाना आवाक्यात आला, अंगमेहनतीचं शेतकाम कमी झालं आणि प्रकृतीही सुधारली. मेक्सिकोच्या युकातान राज्यात सत्तरीपुढच्यांना दरमहा पैसे देऊन पाहिलं, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती आणि फुप्फुसांची ताकद, दोन्ही सुधारल्या. त्याच देशात खेड्यांतल्या वृद्धांसाठी २००७ मध्ये सुरू झालेल्या पेन्शनमुळे नैराश्याची लक्षणं कमी झाली. मला यातलं हे शेवटचं फार मोलाचं वाटतं. प्रत्येक गोळीसाठी हात पसरावा लागणं म्हाताऱ्या माणसाला आतून पोखरतं, हे मी रोज बघते.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेत असं दिसलं, की जिथे पेन्शन घरातल्या बाकीच्या पैशांत मिसळते तिथे घरातल्या सगळ्यांच्याच प्रकृतीला तिचा आधार होतो. आजीच्या हातात पेन्शन आली तर घरातल्या लहान मुलींचं वजन सुधारतं, आजोबांच्या पेन्शनने मात्र तसा फरक आढळला नाही. म्हणजे पैसे कुणाच्या हातात पडतात, यालाही महत्त्व आहे. आईने स्वतःहून नातवंडांसाठी खर्च केला तर तिला अडवू नका, त्यात तिचा मान आहे. पण तिला न विचारता पैसे परस्पर घरखर्चात गेले, तर तिची गोळी यादीत सगळ्यात खाली जाते. भावाला एवढंच सांगा, की आधी आईची औषधं, मग उरेल ते घराला.

दवाखाना लांब असेल किंवा तिथे औषधच नसेल, तर नुसत्या पेन्शनने भागत नाही. मोठं आजारपण आलं तर ही रक्कम कुठल्या कुठे जाते. तो खर्च तुम्हा भावंडांनीच वाटून घ्यायला हवा, आईच्या पेन्शनकडे बोट दाखवून चालणार नाही.

पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा आईच्या गोळ्या समोर घेऊन बसा. किती आणल्या, किती उरल्या, मोजा. अर्धी मोडलेली सापडली तर रागावू नका, कारण विचारा. अख्खी घ्यायची झाली तर आधी तिच्या डॉक्टरांना सांगा, कारण मधल्या काळात त्यांनी डोस वाढवलेला असू शकतो. चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला, तेही बघा. अंधुक दिसतं म्हणून पाय अडखळतो, आणि या वयात एका पडण्याने खुब्याचं हाड मोडतं. आणि पेन्शन कोण काढून आणतं, आईच्या हातात किती येते, हे भावाला नको, तिलाच विचारा, दोघीच असताना.