बाहुलीच्या हातावरच्या सुया

घनसावंगी तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र आलं आहे: "मॅडम, कोरडवाहू शेती करतो. लेकीला बी.एस्सी. नर्सिंगला घातलंय, तिसऱ्या वर्षाला आहे. गावाकडं आली की सांगती, बाहुलीला सलाईन लावलं, बाहुलीचं बाळंतपण केलं. ऐकून लोक हसतेत. एवढी फी भरून बाहुल्यांवरच शिकायचं, तर पेशंटपाशी कधी जायचं? त्यात एक एजंट म्हणतो, सिम्युलेशनचं वेगळं सर्टिफिकेट चाळीस हजारांत देतो, परदेशात नोकरी लागंल. काय करावं?"

दादा, करिअरचा सल्ला देण्याआधी मी बावीस वर्षं पाठ्यनिर्देशिका होते, नर्सिंगच्या मुली शिकवल्या. म्हणून तुमच्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देते.

आमच्या वेळी बाहुल्या नव्हत्या. इंजेक्शन शिकलो ते मोसंबीवर, तुमच्या जालन्याकडच्याच. मोसंबी झाली की थेट माणूस. माझं पहिलं सलाईन एका आजींना लावलं. तीनदा शीर फुटली. आजी म्हणाल्या, "टोच माय, शिकशील हळूहळू." दुसऱ्या दिवशी त्यांचा हात कोपरापर्यंत काळानिळा होता. त्यांचा मोठेपणा मी विसरले नाही. पण माझ्या शिकण्याची किंमत त्यांच्या हातानं का मोजावी, हा प्रश्नही तेव्हापासून मनात आहे. सिम्युलेशन, म्हणजे बाहुलीवरचा खऱ्यासारखा सराव, हे त्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या चुका बाहुलीवर होऊ द्यायच्या.

तुमची लेक सलाईन लावते तो हात रबरी असतो. आत नळी, नळीत लाल पाणी. सुई बरोबर शिरेत गेली की कॅन्युलाच्या, म्हणजे शिरेत बसवायच्या बारीक नळीच्या, मागच्या टोकात लाल थेंब दिसतो. चुकली की दिसत नाही. बाळाच्या बाहुलीत कोमट पाणी भरतात, त्यामुळं ती हातात घेतली की बाळाएवढी जड लागते. शिकवणाऱ्या बाई दुरून फुगा दाबून नाळेचे ठोके देतात, आणि मधेच थांबवतात. मूल जन्मलं, पुसलं, पाठ चोळली, तरी रडत नाही. आता पहिल्या मिनिटाच्या आत मास्क लावून फुग्यानं श्वास द्यायचा. मास्क गालावर नीट बसला नाही किंवा मान वाकडी राहिली, तर बाहुलीची छाती उचलत नाही. दहा वेळा चुकून अकराव्यांदा छाती उचलली की मुलीच्या तोंडावर जे येतं ते मी पाहिलेलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका छोट्या दवाखान्यात असं बाळ माझ्या हातात आलं होतं. मी पुस्तकातलं पान आठवत उभी राहिले. मागून आलेल्या वयस्कर दाईनं माझ्या हातातून बाळ ओढून घेतलं, म्हणून ते वाचलं.

आणखी एक गोष्ट या लॅबमध्ये शिकवतात, ती गावाकडच्या नोकरीत सगळ्यात जास्त उपयोगी पडते. रात्री दोन वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर एकटी, बाळंतिणीचं रक्त थांबत नाही, डॉक्टर फोनवर. घाबरलेली मुलगी सांगते, "सर, पेशंट बरोबर नाही वाटत." तयार झालेली मुलगी सांगते: आत्ता काय झालंय, आधी काय झालं होतं, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. चार वाक्यं. ही चार वाक्यं वर्गात पाठ होतात, पण तोंडातून निघायला समोर वाहणारं लाल पाणी आणि कानाला फोन लागतो.

आता तुमची शंका. ती रास्त आहे. अमेरिकेत परिचर्या (नर्सिंग) मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेनं १० कॉलेजांत मोठा अभ्यास केला, २०१४ साली तो छापून आला. वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनला दिले तरी मुली कुठं कमी पडल्या नाहीत. पण तिथं शिकवणारे खास तयार केलेले होते, आणि प्रत्येक सरावानंतर बसून बोलणं होतं: काय केलंस, का केलंस, पुन्हा काय वेगळं करशील. हे बोलणं नसेल तर लाखांची बाहुली म्हणजे शोभेची वस्तू. आपल्याकडं भारतीय परिचर्या परिषदेनं २०२१-२२ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात सिम्युलेशन आणलंच आहे, पण वॉर्ड काढून टाकलेला नाही. तो काढताही येणार नाही. बाहुलीला घाम येत नाही, तिचा नवरा दारात रडत बसलेला नसतो.

तेव्हा एकदा कॉलेजात जाऊन या, लॅब बघू द्या म्हणा. बाहुलीच्या हाताची कातडी बघा. सुयांनी चाळणी झालेली असेल तर खुशाल परत या. प्लास्टिकचं कव्हर तसंच असेल तर मात्र प्राचार्यांपाशी बसा. मग लेकीला विचारा, वॉर्डात तिच्या वाट्याला पेशंट किती येतात. परिषदेच्या नियमात एका विद्यार्थ्यामागं तीन आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात ड्युटी लागत असेल, तर पेशंटची वाण नाही. कॉलेजच्या स्वतःच्या दवाखान्यात मात्र खाटा किती आणि त्यांवर माणसं किती, हे डोळ्यांनी बघा.

एजंटला चाळीस हजार देऊ नका. नुसत्या सिम्युलेशनच्या कागदावर परदेशात कुणी नर्सला घेत नाही. तिथं पदवी, नोंदणी, प्रत्यक्ष अनुभव आणि त्या त्या देशाची परीक्षा विचारतात. तिनं पदवी पुरी करावी, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी करावी, हृदय बंद पडल्यावरच्या प्राथमिक उपचाराचा बीएलएस कोर्स करावा. त्याचं कार्ड दोन वर्षं चालतं, म्हणून तो शेवटच्या वर्षात करणं बरं. एम्सची नर्स भरतीची नॉरसेट परीक्षा द्यावी. पुढं दोनतीन वर्षं आयसीयूत काढून एम.एस्सी. केलं आणि शिकवायची आवड असली, तर सिम्युलेशन शिकवणाऱ्यांची गरज वाढतच जाणार आहे. गुरुग्रामला भारतीय परिचर्या परिषदेचं राष्ट्रीय सिम्युलेशन केंद्र आहे, त्याचं नाव तिला आतापासून माहीत असू द्या.

आणि दिवाळीला ती घरी आली की एक उशी घ्या, जमिनीवर ठेवा. मोटारीचा शॉक लागून माणूस पडला आणि श्वास नाही, असं धरा. आधी करंट बंद करायचा, कुणाला तरी १०८ लावायला सांगायचं, मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक, कोपर ताठ. किमान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. तिला करून दाखवायला सांगा, आणि मग तुम्ही गुडघे टेकून बसा. हसणाऱ्या शेजाऱ्यांनाही बोलवा. तुमच्या गावात प्रत्येकाच्या विहिरीवर मोटार आहे.